आखाजीच्या दिवशी सोडलेलं पाणी

इद्रिस,

हे तुला सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं की टाळण्याचीच सवय लागली. तू नागपुरात होतास तेव्हा टाळलं. तू सुदानला परत गेलास तेव्हा, आता पत्रातून काय सांगायचं, म्हणून टाळलं. मधे एकदा स्टेशनवर तू माझा हात हातात धरून उभा होतास, तेव्हाही टाळलं. आता तू नाहीस. आता लपवायचं कोणापासून आणि सांगायचं तरी कोणाला? तरी लिहितो.

मागच्या आठवड्यात हामिद घरी आला. तूच इकडे डॉक्टरेटसाठी पाठवलेला तुझा विद्यार्थी. दुपारची वेळ होती. कूलरच्या आवाजात तो काय म्हणाला ते मला ऐकूच आलं नाही. त्यानं उठून कूलर बंद केला आणि पुन्हा म्हणाला, "सर, इद्रिस साहब नहीं रहे." झोपेतच गेलास म्हणे. मी घाईघाईनं आत जाऊन पाण्याचा पेला आणला आणि त्याच्या हातात दिला, जणू धीर त्यालाच हवा होता. त्यानं तो मलाच परत दिला. मग डोळे पुसत सांगू लागला की तू वर्गात नेहमी म्हणायचास, संशोधन शिकायचं तर नागपूरला जा, तिथली माणसं तोंडावर भांडतात पण खरी असतात.

पेला मी तसाच खाली ठेवला.

तुला आठवतं का, तू आलास तेव्हा कृषी महाविद्यालयातल्या आमच्या विभागात परदेशी विद्यार्थी म्हणजे केवढी अपूर्वाई होती! प्रमुख तुला घेऊन प्रत्येक खोलीत फिरले. शिपायानं तुझ्यासाठी नवी खुर्ची आणली आणि तू तिच्यावर बसेपर्यंत तिच्यावरचा कागद कोणी काढला नाही. तुला नाईलकाठच्या तुमच्या बागा सुधारायच्या होत्या. नागपूरच्या संत्र्याचं नाव तू तिथे ऐकलं होतंस, आणि म्हणून हजारो मैल ओलांडून तू माझ्यासमोर येऊन बसलास. मी तुझा गाईड झालो, कारण मी संत्र्याच्या घरातला होतो. नरखेड तालुक्यात आमची बाग, बाबांनी सुरू केलेली. ते गेल्यावर थोरला भाऊ ती बघत होता. तुझ्या प्रयोगासाठी मी तीच बाग दिली.

दादानं तुला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मला म्हणाला, "हा एवढा उंच माणूस आपल्या खाटेवर मावते का गा?" तू माझ्याकडे बघितलंस. मी भाषांतर केलं. तू हसलास आणि खाटेवर आडवा होऊन पाय बाहेर काढून दाखवलेस. त्या दिवसापासून दादाचं आणि तुझं जे जमलं, त्यात भाषांतराची गरज उरली नाही. वर्षभरात तू आमच्यासारखा बोलू लागलास. "मी जेवण करून राहिलो" म्हणायचास. वहिनीलाही "काय गा वहिनी" म्हणायचास आणि ती लाटणं दाखवत म्हणायची, "मेल्या, बाईले वं म्हणतात, वं!" पुढच्या वेळी तू मुद्दाम पुन्हा "गा"च म्हणायचास.

आपला वाद ताणाचा होता. आमच्याकडे संत्र्याला भर उन्हाळ्यात पाणी तोडतात. पाण्यावाचून झाड कासावीस होतं, पानं गाळू लागतं. मग मृगाच्या सुमारास पाणी मिळालं की ते एकदम फुलावर येतं. तहान लावून फूल आणायचं, हाच ताण. किती दिवस ताण द्यायचा, यावर मी प्रबंध लिहिला होता. लांब ताणानं फूल जास्त येतं आणि झाड मरत नाही, असं मी छापून मोकळा झालो होतो. तुला ते पटत नव्हतं.

"सर, तहानेनं फूल येतं हे मान्य," तू विभागाच्या व्हरांड्यात म्हणाला होतास. "पण एवढी तहान कशाला? थोडक्या ताणानंही ते फुलेल आणि दहा वर्षं जास्त जगेल."

"दहा वर्षं मोजायला तू इथे असशील का?" मी विचारलं.

"तुम्ही ठेवून घेतलंत तर असेन," तू म्हणालास.

हे वाक्य मी विसरलेलो नाही. तुला इथे राहायचं होतं. तू स्वतःच्या तोंडानं तसं म्हणाला होतास.

तू बागेत काही ओळींना लांब ताण लावलास, काहींना थोडा, आणि ओळखू यावं म्हणून लांब ताणाच्या झाडांना लाल कापडाच्या पट्ट्या बांधल्यास. गावातल्या बायकांना वाटलं, परदेशी माणसानं नवस बोलला आहे. कोणीतरी एका झाडाशी हळदकुंकू वाहून नारळ फोडला. दादा म्हणाला, "बाप्पा, तू चिंध्या बांधून राहिला अन् बायका नारळ फोडून राहिल्या. तुयी डॉक्टरी होते की देऊळ होते इथं?" तू म्हणालास, "देऊळ झालं तरी चालते दादा. नारळ मात्र मले द्या." त्या लाल पट्ट्यांच्या ओळींतच बाबांनी स्वतःच्या हातानं लावलेली झाडं होती. लांब ताणाला जुनी झाडं घ्यावीत, हे मीच सुचवलं होतं. माझा सिद्धांत माझ्या बापाच्या झाडांवर सिद्ध व्हावा, अशी माझी हौस.

आता ते सांगतो.

आखाजी होती, म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी वाडवडिलांच्या नावानं मातीची नवी घागर भरतात, वर आंबा ठेवतात, नैवेद्य दाखवतात. उन्हाच्या दिवसांत गेलेल्या माणसाला पाणी पोचावं, एवढीच त्यामागची भावना. मी त्यासाठी गावी गेलो होतो. तू नागपुरात प्रयोगशाळेत पानांचे नमुने तपासत होतास. बाबांची घागर मी भरली. दादा म्हणाला, तूच भर, तू साहेब झाला याचा बाबाले लय अभिमान होता. आम्ही आंब्याचा रस आणि पुरणपोळी जेवलो. आणि मग, तोंडात रसाची चव असतानाच, मी एकटा बागेकडे गेलो.

बाबांच्या झाडांची पानं विडीसारखी वळली होती. खाली पानांचा सडा पडला होता. मी एका फांदीला हात लावला तर पानं हातातच आली. मी त्या झाडांखाली लहानाचा मोठा झालो नव्हतो. ती लागली तेव्हा मी शिकायला नागपुरात होतो. पण बाबा खांद्यावर घागरी वाहून रोपं जगवत होते, हे मी सुट्टीत पाहिलं होतं. आणि आत्ताच घरात त्यांच्या नावानं घागर भरून आलो होतो. मला ते सहन होईना.

दादा मागून आला. "काय पाहून राहिला?"

"दादा, हे झाडं मरतात गा."

"तूच तं लिहून राहिला, ताणानं झाड मरत नाही म्हणून."

"इंजिन लाव."

"इद्रिसले विचारलं?"

"मी गाईड आहो त्याचा."

दादा हलला नाही. म्हणाला, "पोराचा सारा जीव आहे गा याच्यात."

"एक पाणी दिलं तर कोणाले कळते?" मी म्हणालो.

दादानं विहिरीवरचं इंजिन लावलं. लाल पट्ट्यांच्या सगळ्या ओळींना पाट एकच होता. पाणी बाबांच्या झाडांशी थांबलं नाही, सगळ्या ओळींत फिरलं. मी बांधावर उभा राहून पाहत होतो आणि मला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू? त्या घडीला मला फार बरं वाटलं.

नागपूरला येऊन मी तुला काही सांगितलं नाही. सांगायचं तर आधी हे कबूल करावं लागलं असतं, की लांब ताणानं झाड मरेल अशी भीती मलाच वाटली. म्हणजे वाद तू जिंकलास. बाबांवरच्या मायेमुळे मी पाणी सोडलं, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला समजावलं. पण माया पाणी सोडण्यापुरतीच होती. गप्प बसलो तो अहंकारानं.

मग आपण दोघं बागेत गेलो, तो दिवस. मृगाला अजून अवकाश होता. ऊन नुसतं भाजत होतं. गाडीवाटेनं चालताना तू थांबलास. नाक वर केलंस.

"सर, वास येतो."

संत्र्याच्या फुलांचा वास. आधी तुझा चेहरा उजळला. तुझ्या आईच्या बागेची आठवण येते, असं तू या वासाबद्दल नेहमी म्हणायचास. मग तुला कळलं, की हा वास आज यायला नको होता. तू धावत सुटलास. मी मागून आलो तेव्हा तू लाल पट्टी बांधलेल्या झाडाखाली उभा होतास. पांढरी फुलं उन्हानं करपून तुझ्या डोक्यावर गळत होती. अवेळी फुललेलं सगळं वाया जाणार होतं. तुझा पूर्ण हंगाम गेला होता.

दादा आला. वहिनी तुझी भाकरी घेऊन त्याच्या मागे होती.

"पाणी कोणी दिलं?" तू विचारलंस.

दादानं माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मी खाली बसलो आणि मातीचं एक ढेकूळ उचलून बोटांनी फोडू लागलो, ओल तपासतो आहे असं दाखवत. इद्रिस, त्या ढेकळाचा स्पर्श माझ्या बोटांवरून अजून जात नाही.

तू दादाकडे वळलास. "दादा, तुम्ही मला रोज जेवायला वाढता. मग असं काहून केलं?"

दादा म्हणाला, "झाड तहानलं होतं गा."

त्यात होही नव्हतं आणि नाहीही नव्हतं. तू ते हो धरलंस. मग तू जे बोललास ते मी इथे लिहीत नाही. त्यातला एकही शब्द दादाच्या वाट्याचा नव्हता, सगळे माझ्या वाट्याचे होते. वहिनी "जेवून तं घे" म्हणत राहिली. तू एसटी धरायला पायी निघालास. जाताना तिच्याकडे पाहिलंही नाहीस.

तुझं एक वर्ष वाढलं. तू आईला सांगितलं होतंस, मृगाचा बहार झाला की येतो. त्या वाढलेल्या वर्षातच ती गेली. बातमी आली तेव्हा तू माझ्या खोलीत आलास, दार लावलंस आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलास. माझ्याच खांद्यावर. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत होतो. तोंड उघडलं असतं तर तो हात तू झटकला असतास, म्हणून उघडलं नाही.

विभागाच्याच शेतावर प्रयोग नव्यानं करून तू डॉक्टरेट मिळवलीस. प्रमुखांना तू हवा होतास. ते म्हणायचे, बाहेरचा मुलगा शिकायला येतो ही अर्धीच गोष्ट झाली. शिकून तो आपल्याकडेच काम करायला राहिला, तर विभागाला अर्थ आहे. त्यांनी खटपट करून तुझ्यासाठी संशोधकाची जागा काढली, क्वार्टर बघून ठेवलं आणि तुझं मन वळवायचं काम माझ्यावर सोपवलं.

आपण सीताबर्डीवर पोहे खायला गेलो. तू वर तर्री मागून घेतलीस. आलास तेव्हा त्या लाल रश्श्याच्या एका चमच्यानं तुझ्या डोळ्यांतून पाणी यायचं; आता तू दुसऱ्यांदा मागत होतास. मला वाटलं, हा राहतो.

"सर, इथलं ऊन मला चालतं," तू म्हणालास. "तिखट चालतं. लोक रस्त्यात वळून बघतात, तेही चालतं. पण दादा माझे होते. तेच जर चोरून पाणी देतात आणि वर भाकरी वाढतात, तर मी माझं काम कोणाच्या भरवशावर करू? इथे आता फक्त तुमचा भरवसा वाटतो. एका माणसाच्या भरवशावर परक्या मुलखात आयुष्य काढता येत नाही सर."

सांगायची वेळ ती होती. त्याहून चांगली वेळ देवानंही दिली नसती. मी सांगितलं असतं तर तू कदाचित माझ्या तोंडावर ताट फेकून गेला असतास. पण दादा तुला परत मिळाला असता. मी म्हणालो, "चहा घेऊ या का?"

प्रमुखांना मी सांगितलं, त्याला घरची ओढ आहे. पुढे आणखी दोघं परदेशी विद्यार्थी अर्धवट सोडून गेले, तेव्हा बाहेरची मुलं आपल्याकडे का टिकत नाहीत, हे शोधायला समिती नेमली. तीत मी होतो. नागपूरचा उन्हाळा, वसतिगृहाचं जेवण, भाषेची अडचण, घरमालक खोली देत नाहीत, असं सगळं मीच लिहून काढलं. त्यातलं काहीच खोटं नव्हतं. त्यावरून वसतिगृहात कूलर बसले. हामिदच्या खोलीत आजही एक आहे, फार आवाज करतो म्हणतो. पण माझ्या डोळ्यांसमोर एक मुलगा होता, ज्याला उन्हानं घालवलं नव्हतं, जेवणानं घालवलं नव्हतं, भाषा तर तो आमच्याहून गोड बोलत होता. तो का गेला, हे समितीत एकट्या मला ठाऊक होतं. निवृत्तीच्या समारंभातही मी याच विषयावर बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नंतर एकदा तू दिल्लीहून मद्रासला जाताना गाडी नागपूरला थांबली. तू आधी कळवलं होतंस. तुझे केस पिकले होते. फलाटावर संत्र्यांच्या टोपल्या मांडलेल्या होत्या. तू एक फळ उचलून वास घेतलास आणि विचारलंस, "दादा कसे आहेत? वहिनी?" तुझ्या आवाजात राग नव्हता. मला नवल वाटलं, आणि मी गैरफायदा घेतला. वाटलं, विसरला असेल, कशाला उकरायचं. घरून निघताना पाठ केलेलं वाक्य तसंच राहिलं. मग तू हसून म्हणालास, "आणि सर, ताणाचं काय ठरलं?" मी म्हणालो, "अभ्यास चालू आहे." शिट्टी झाली. तू माझा हात सोडलास.

हामिद येऊन गेल्यावर मी नरखेडला गेलो. ही बातमी दादाला मीच सांगायला हवी होती. दादा आता काठी घेऊन चालतो. अंगणात खाटेवर बसला होता. मी सांगितलं. वहिनी चुलीपासून उठून आली आणि दाराशीच बसली. "मायबाई," म्हणाली, "मले कोणी गा म्हणणारं राहिलं नाही आता."

मग दादा म्हणाला, "तो आला होता इथं. देशाले गेला त्याच्या आदल्या दिवशी."

मला हे ठाऊक नव्हतं.

"एसटीनं आला. मले म्हणे, दादा, मी रागात लय बोललो, चुकलं माझं. पण एकदा खरं सांगून द्या. पाणी तुम्हीच सोडलं ना?"

"मग? तू काय म्हटलं?"

"काय म्हणू?" दादानं काठी जमिनीवर टेकवली. "तुयं नाव सांगू? माझ्यावरचा भरवसा तं गेलाच होता त्याचा. तुयावरचाही गेला असता, तं तो इथून काय घेऊन गेला असता गा? म्हटलं, हो बाप्पा, मीच सोडलं. झाड पाहवलं नाही. माफ कर."

"अन् तो?"

"उलसाक रडला, थोडासाच. मग म्हणे, झालं दादा, आता माझ्या मनात काही नाही. तुया वहिनीनं भाकर टाकली, दोन खाल्ल्या. बांधून पण नेली एक."

मी तिथेच खाली बसलो. इद्रिस, म्हणजे तू माफ केलं होतंस. माझ्या अपराधाची माफी तू मोठ्या मनानं दिलीस, आणि ती घ्यायला मी तिथे नव्हतो. ज्याचा अपराध नव्हता त्यानं ती मागून घेतली, घरात ठेवली, आणि मला सांगितलंही नाही. म्हणून फलाटावर तुझा आवाज तसा होता. म्हणून तू मुलांना सांगत होतास, नागपूरला जा. ते दादामुळे. तुझ्या ओळखीतला एक माणूस खरं बोलला, असं तुला वाटलं होतं, आणि तेच नेमकं खोटं होतं.

दादा मला बागेत घेऊन गेला. बाबांची झाडं आता नाहीत. ती कधीच वाळून गेली. तू थोडा ताण दिलेल्या ओळी मात्र उभ्या आहेत, म्हाताऱ्या, पण फळ धरतात. दादा अजून तेवढाच ताण देतो. आजूबाजूचे लोकही देतात. त्याला ते "इद्रिसचा ताण" म्हणतात. तुला ठेवून घ्यायला विभागानं जागा काढली, क्वार्टर पाहिलं, माणसं तुझ्या मागे लावली. राहिलास तू इथे, या बांधावर. वाद तू जिंकलास, हे मी तुला लिहून पाठवायला हवं होतं. अभ्यास चालू नव्हता रे. केव्हाच संपला होता.

यंदा आखाजीला मी गावी गेलो नव्हतो. पुढच्या वर्षी, जगलो तर, जाईन. बाबांच्या घागरीशेजारी आणखी एक भरेन. तुमच्यात हे चालत नाही, मला माहीत आहे. पण मला दुसरं काही येत नाही.

फलाटावर म्हणायचं ते वाक्य मी तेव्हा इंग्रजीत पाठ केलं होतं, मोठ्या नेटक्या शब्दांत. आज ते तुझ्या-माझ्या, दादाच्या बोलीत सांगतो. एवढंच होतं.

इद्रिस, पाणी दादानं नाही सोडलं. मी सोडायले लावलं. तू विचारलं तेव्हा मी ढेकूळ फोडत बसलो. माझं चुकलं गा. मले माफ कर.